प्राप्तिकर पोर्टलची नोटीस-सेवा : मुदत कशी मोजायची, आणि पुढाऱ्यांची मुदत कुठे दिसते

प्राप्तिकर खात्याची नोटीस आता पोस्टमन आणत नाही. ती पोर्टलवर चढते, ई-मेलवर जाते, मोबाइलवर एक ओळ येते, आणि कायद्याच्या हिशेबाने ती तुम्हाला पोचलेली असते. सीमाभागातल्या माणसाने ही सेवा एकाच प्रश्नावर पारखावी: नोटीस मुदतीत आली की मुदत उलटून गेल्यावर, हे त्याला स्वतःला पडताळता येते का? या प्रश्नाचे उत्तर बऱ्यापैकी ‘हो’ आहे. ज्याला आपण मत देतो त्याच्याबद्दल तोच प्रश्न विचारला, तर मात्र उत्तरच मिळत नाही.

सगळ्यात जास्त नुकसान प्रोफाइलमुळे होते. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे रिटर्न बहुतेक वेळा कुणाकडून तरी भरून घेतले जाते आणि नोंदणी करताना भरून देणाऱ्याचाच मोबाइल आणि ई-मेल टाकला जातो. पुढे तो माणूस नंबर बदलतो किंवा दुकान बंद करतो, आणि नोटीस त्याच्या इनबॉक्समध्ये पडून राहते. उत्तराची तारीख जाते, एकतर्फी आकारणी होते, आणि करदात्याला कळते ते बँक खाते गोठल्यावर. पासवर्ड माहीत नसेल, तर आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी घेऊन तो बदलता येतो. आत गेल्यावर ‘माय प्रोफाइल’मध्ये प्राथमिक मोबाइल आणि ई-मेल स्वतःचा ठेवावा, सीएचा दुय्यम रकान्यात. या कामाला दहा मिनिटे लागतात.

पोर्टलवर भाषा निवडायची सोय आहे, पण नोटिशीचा मजकूर इंग्रजीतच येतो. ज्याला मराठी आणि व्यवहारापुरते कन्नड येते, त्याला तीन पानी कायदेशीर इंग्रजी वाचून उत्तर द्यावे लागते. या सेवेतला हा मोठा दोष आहे.

नोटिशीचे पहिले पान नीट बघा. वर डीआयएन म्हणजे दस्तऐवज क्रमांक असतो. १ ऑक्टोबर २०१९ पासून तो खात्याच्या प्रत्येक पत्रावर लागतो. पोर्टलच्या मुख्य पानावर लॉगिन न करता ‘ऑथेंटिकेट नोटीस’ या ठिकाणी हा क्रमांक आणि आपला मोबाइल टाकला, की पत्र खरे की बनावट ते कळते. व्हॉट्सॲपवर आलेल्या प्रत्येक ‘इन्कमटॅक्स नोटिशी’ला आधी ही चाळणी लावा. त्याखाली पॅन, आकारणी वर्ष आणि कलम असते. आकारणी वर्ष म्हणजे कमाईच्या वर्षानंतरचे वर्ष. निम्मे गोंधळ इथेच होतात. शेवटी डिजिटल सही असते आणि तिच्यात दिवस-वेळ असते. ती वेळ आणि ई-मेल प्रत्यक्ष सुटल्याची वेळ, दोन्ही टिपून ठेवा. ३१ मार्च २०२१ ही तारीख घातलेल्या पण १ एप्रिलला किंवा नंतर ई-मेलने सुटलेल्या नोटिशींचे मोठे प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले होते. सप्टेंबर २०२२ मध्ये न्यायालयाने सांगितले, की कागदावर तारीख घातली म्हणजे नोटीस ‘काढली’ असे होत नाही, ती खात्याच्या यंत्रणेतून बाहेर पडायला हवी. एका रात्रीच्या फरकाने त्या नोटिशींना लागणारा कायदाच बदलत होता.

आता मुदती. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकराचा २०२५ चा नवा कायदा लागू आहे, पण त्याआधीच्या वर्षांना १९६१ चाच कायदा लागतो, म्हणून कलमे त्यातलीच सांगतो.

जुलै २०२५ मध्ये रिटर्न भरले असे धरा, म्हणजे आकारणी वर्ष २०२५-२६. संगणकीय छाननीचे १४३(१) चे पत्र, ज्या आर्थिक वर्षात रिटर्न भरले त्याच्या अखेरीपासून नऊ महिन्यांत, म्हणजे ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत यायला हवे. सखोल तपासणीची १४३(२) ची नोटीस त्याच अखेरीपासून तीन महिन्यांत, म्हणजे ३० जून २०२६ पर्यंत. इथे शब्दाचा फरक आहे: १४३(२) ची नोटीस मुदतीत नुसती काढून चालत नाही, ती पोचलेली असावी लागते, फेरआकारणीच्या, म्हणजे जुने वर्ष पुन्हा उघडण्याच्या, १४८ ला मात्र ‘काढली’ की पुरते. आकारणीचा अंतिम आदेश आकारणी वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांत, म्हणजे ३१ मार्च २०२७ पर्यंत. ३० जूनपर्यंत १४३(२) आली नाही, तर त्या रिटर्नची नेहमीच्या मार्गाने तपासणी होणार नाही.

फेरआकारणीची मुदत कायद्याने इतक्या वेळा बदलली आहे, की जुने सल्ले ऐकूच नयेत. २०२१ च्या आधी चार आणि सहा वर्षे होती. २०२१ मध्ये तीन आणि दहा झाली. १ सप्टेंबर २०२४ पासून अशी आहे: १४८ ची नोटीस आकारणी वर्ष संपल्यापासून तीन वर्षे तीन महिन्यांत, करातून सुटलेले उत्पन्न ५० लाख किंवा त्याहून अधिक असेल, तर पाच वर्षे तीन महिन्यांत. त्याआधीची १४८अ ची कारणे-दाखवा नोटीस अनुक्रमे तीन आणि पाच वर्षांत. दहावरून सव्वापाच वर्षांवर येणे हा करदात्याला मिळालेला खरा दिलासा आहे.

उदाहरण घेऊ. २०२०-२१ या आर्थिक वर्षात जमीन विकली. आकारणी वर्ष २०२१-२२, ते संपले ३१ मार्च २०२२ ला. सुटलेले उत्पन्न ५० लाखांच्या आत असेल, तर १४८ ची शेवटची तारीख ३० जून २०२५ होती. वर असेल, तर १४८अ ३१ मार्च २०२७ पर्यंत आणि १४८ ३० जून २०२७ पर्यंत येऊ शकते. कोर्टाची स्थगिती असेल तर ते दिवस मुदतीत मोजत नाहीत, आणि धाड पडलेल्या प्रकरणांचे गणित वेगळे आहे.

इथे आपल्या भागातली नेहमीची चूक होते. जुन्या कायद्याच्या नियमांप्रमाणे ३० लाख किंवा अधिकचा प्रत्येक दस्त उपनिबंधक कार्यालयातून खात्याकडे जातो. विक्रेत्याने रिटर्न भरलेले नसते, मग खाते पूर्ण विक्रीची रक्कमच सुटलेले उत्पन्न धरून सुरुवात करते. ६० लाखांचा दस्त असला, तरी सुटलेले उत्पन्न ६० लाख नसते. खरेदीची किंमत वजा जाता उरतो तो नफा. हे १४८अ च्या उत्तरातच आकड्यांसकट लिहावे लागते, कारण नफा ५० लाखांच्या आत आला तर लांबची मुदत खात्याला मिळतच नाही. दस्तात चार भावांची नावे असतील, तर पूर्ण रक्कम प्रत्येकाच्या पॅनवर दिसू शकते. वार्षिक माहिती पत्रकात म्हणजे एआयएसमध्ये त्या नोंदीवर ‘माहिती पूर्ण बरोबर नाही’ असा अभिप्राय देऊन स्वतःचा हिस्सा लिहावा आणि वाटणीपत्र जोडावे.

जमीन ग्रामीण शेतजमीन असेल, तर भांडवली नफ्याचा करच लागत नाही. पण ‘ग्रामीण’ कशाला म्हणायचे ते अंतरावर ठरते; पुढच्या अंतराच्या आतली जमीन ग्रामीण धरत नाहीत. लोकसंख्या दहा हजार ते एक लाख असलेल्या नगरपालिकेच्या हद्दीपासून दोन किलोमीटर, एक ते दहा लाखांपर्यंत सहा, दहा लाखांच्या वर आठ. २०११ च्या जनगणनेत बेळगाव महापालिकेची लोकसंख्या ४.८८ लाख आहे, म्हणून हद्दीपासून सहा किलोमीटर. निपाणीला एक लाखाच्या आत, म्हणून दोन. हे अंतर हवाई मोजायचे, रस्त्याने नाही. रस्त्याने आठ किलोमीटर असलेले गाव हवाई अंतराने सहाच्या आत येते आणि सगळा दावा कोसळतो. तहसीलदारांचा अंतराचा दाखला, त्या वर्षाची पहाणी (कर्नाटकातला सातबारा) आणि पीक नोंद हे तीन कागद विक्रीच्या वेळीच काढून ठेवावेत. पाच वर्षांनी ते गोळा करताना माणसाची दमछाक होते.

उत्तर देण्याची जागा ‘पेंडिंग ॲक्शन्स’मध्ये ‘ई-प्रोसिडिंग्ज’ ही. तिथे नोटीस उघडायची, मजकूर लिहायचा, कागद जोडायचे. एका जोडणीला पाच एमबीची मर्यादा आहे, त्यामुळे कन्नड दस्ताची रंगीत स्कॅन प्रत हमखास अडकते. काळी-पांढरी करून दोन तुकडे करा. कन्नड कागदासोबत इंग्रजी भाषांतर जोडा, कारण चेहराविरहित आकारणीत तुमची फाइल देशात कुठल्याही शहरातला अधिकारी बघतो. वेळ कमी पडत असेल, तर तारीख जाण्यापूर्वी ‘सीक ॲडजर्नमेंट’ वापरा. पाठवल्यावर पोचपावतीचा क्रमांक जपून ठेवा.

ही सेवा तंत्राने चांगली झाली आहे यात शंका नाही. कचेरीत हेलपाटे मारायचे दिवस संपले, आणि काय कधी दिले त्याची नोंद राहते. पण मुदतींचा तराजू सारखा नाही. आदेशाविरुद्ध अपील करायला करदात्याला तीस दिवस. ते अपील निकाली काढायला कायदा म्हणतो, ‘शक्य असेल तेथे’ एक वर्ष. आणि आकारणीला मुदत आहे, तशी वसुली कधी सुरू करायची याला नाही. जुन्या मागण्या वर्षानुवर्षे पोर्टलवर तशाच राहतात. म्हणूनच २०२४ मध्ये सरकारला आर्थिक वर्ष २००९-१० पर्यंतच्या २५ हजारांच्या आतल्या आणि २०१०-११ ते २०१४-१५ च्या १० हजारांच्या आतल्या मागण्या, माणशी एक लाखाच्या मर्यादेत, माफ कराव्या लागल्या.

आता राजकारण्यांकडे. ‘पुढाऱ्यांना टॅक्सच नसतो’ हे चहाच्या टपरीवरचे वाक्य खरे नाही. राजकीय पक्षाला कलम १३अ खाली देणग्या, व्याज, घरभाडे, भांडवली नफा यांवर करमाफी आहे, पण अटींवर: हिशेबाची पुस्तके, लेखापरीक्षण, २० हजारांवरच्या देणगीदाराचे नाव-पत्ता, निवडणूक आयोगाला अहवाल, २ हजारांवर रोख नाही, आणि रिटर्न मुदतीत. शेवटच्या दोन अटी २०१७ मध्ये आल्या.

ही मुदतीची अट आपल्या पतसंस्थांना चांगली ओळखीची आहे. बेळगाव जिल्ह्यात गल्लोगल्ली सहकारी पतसंस्था आणि कर्नाटकाच्या वेगळ्या कायद्याखालच्या सौहार्द सहकारी संस्था आहेत. त्यांना कलम ८०पी ची वजावट मिळते, पण आकारणी वर्ष २०१८-१९ पासून रिटर्न एक दिवस जरी उशिरा गेले तरी ती पूर्ण जाते. लेखापरीक्षण सक्तीचे असल्याने तारीख ३१ ऑक्टोबर. मग आठ लाखांच्या नफ्यावर शून्याऐवजी पूर्ण कर, वर व्याज. तोच दंडक पक्षालाही लागतो, याचे मोठे उदाहरण काँग्रेस पक्षाचे आहे. आकारणी वर्ष २०१८-१९ चे रिटर्न ३१ डिसेंबर २०१८ पर्यंत द्यायचे होते, दिले २ फेब्रुवारी २०१९ ला. शिवाय २ हजारांवरच्या रोख देणग्या १४.४९ लाखांच्या निघाल्या. सुमारे १९९ कोटींच्या उत्पन्नावरची करमाफी गेली आणि जुलै २०२५ मध्ये दिल्लीच्या प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणाने ती नाकारणे योग्य ठरवले. पतसंस्थेला जो नियम, तोच देशाच्या जुन्या पक्षाला; तत्त्व म्हणून हे बरोबरच आहे.

न्यायाचा प्रश्न वसुलीच्या वेळेचा आहे. त्या पक्षाकडून वसुली झाली ती लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, फेब्रुवारी-मार्च २०२४ मध्ये. नंतर आलेल्या मोठ्या मागण्यांबाबत १ एप्रिल २०२४ ला खात्याने सर्वोच्च न्यायालयात सांगितले, की निवडणूक संपेपर्यंत सक्तीची वसुली करणार नाही. हे आश्वासन योग्य होते. पण ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन मिळावे लागले, कायद्यात लिहिलेले नव्हते. वसुलीचा मुहूर्त अधिकाऱ्याच्या हाती असेल, तर सत्तेत कुठलाही पक्ष असो, विरोधकाला शंका येणारच. त्याच पक्षाने २०१४-१५ ते २०१६-१७ च्या फेरआकारणीवर मुदतीचा आक्षेप घेतला होता. तो दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये फेटाळला, आणि आकारणीची मुदत संपायला थोडे दिवस उरले असताना आलात, असेही सुनावले. हा धडा लहान करदात्यालाही लागू आहे: मुदतीचा आक्षेप १४८अ च्या पहिल्याच उत्तरात घ्या, आदेश निघायची वाट बघू नका.

पतसंस्थांना एक दार उघडे आहे. राज्याच्या कायद्याखालचे लेखापरीक्षण रखडल्याने उशीर झाला असेल, तर कलम ११९(२)(ब) खाली उशीर माफ करण्याचा अर्ज करता येतो. २०१८-१९ ते २०२२-२३ या वर्षांसाठी जुलै २०२३ च्या परिपत्रकाने तो अधिकार मुख्य आयुक्तांना दिला. अर्जाला लेखापरीक्षकाची नेमणूक कधी झाली आणि अहवाल कधी मिळाला, याची तारीखवार कागदपत्रे लागतात. ‘सर्व्हर चालत नव्हता’ एवढ्यावर भागत नाही.

मुदत वाढवून दिल्याचे सगळ्यात मोठे उदाहरण आपल्या उसाच्या पट्ट्यातले आहे. चिकोडी, संकेश्वर, निपाणी, गोकाककडच्या सहकारी कारखान्यांना वर्षानुवर्षे नोटिसा येत, की शेतकऱ्याला ठरलेल्या किमतीहून जास्त दिलेला दर हा खर्च नसून नफ्याचे वाटप आहे. २०२३ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी आकारणी वर्ष २०१६-१७ पूर्वीच्या वर्षांसाठीही तो खर्च मान्य केला. सरकारनेच सांगितले, की दिलासा सुमारे १० हजार कोटींचा. जुन्या आदेशांच्या दुरुस्तीची चार वर्षांची मुदत त्यासाठी मुद्दाम आर्थिक वर्ष २०२२-२३ च्या अखेरीपासून मोजायची ठरली, म्हणजे ३१ मार्च २०२७ पर्यंत. मागणी रास्त होती, पैसा उसाच्या बिलात शेतकऱ्याला गेला होता. पण साखर कारखान्यांच्या संचालक मंडळांवर आमदार-खासदार असतात, त्यांचा आवाज दिल्लीत पोचतो. खानापूरच्या ज्या शेतकऱ्याने चुकीच्या एकतर्फी आदेशाविरुद्ध तीस दिवसांत अपील केले नाही, त्याला मुदत वाढवून देणारे कलम कुणी मांडत नाही. उशिराचे कारण सांगून अपील दाखल करता येते, पण ते मान्य होईल याची हमी नसते.

व्यक्ती म्हणून लोकप्रतिनिधीचे काय? आमदार-खासदारांचे वेतन ‘इतर उत्पन्न’ म्हणून करपात्र आहे, आणि नोकरदाराची प्रमाणित वजावट (स्टँडर्ड डिडक्शन) त्यावर मिळत नाही. कर्नाटकात मार्च २०२५ मध्ये आमदारांचे मूळ वेतन ४० हजारांवरून ८० हजार झाले, ते सगळे करात येते. माफी आहे ती कलम १०(१७) खाली दैनिक भत्ता आणि मतदारसंघ भत्त्याला, तीही जुन्या करप्रणालीत. नवी प्रणाली घेतली तर ती जाते. खटकते ते वेगळेच. शिक्षकाला जुन्या प्रणालीत घरभाड्याच्या वजावटीसाठी पावत्या आणि घरमालकाचा पॅन लागतो. मतदारसंघ भत्ता खर्च झाला की नाही, हे कायदा विचारत नाही.

मतदाराला यातले काय दिसते? उमेदवाराचे नमुना २६ चे प्रतिज्ञापत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर सगळ्यांना उघडते. २०१९ पासून त्यात उमेदवार, जोडीदार आणि अवलंबितांच्या शेवटच्या पाच वर्षांच्या रिटर्नमधले उत्पन्न असते. वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. तो आकडा रिटर्नमध्ये दाखवलेल्या उत्पन्नाचा आहे, आकारणीत ठरलेल्या नव्हे. आणि शेतीचे उत्पन्न करमुक्त असल्याने त्या एकूण उत्पन्नात ते धरलेले नसते. म्हणून चार लाखांचे उत्पन्न आणि दोन कोटींनी वाढलेली मालमत्ता शेजारी शेजारी दिसू शकते. सरकारी देण्यांच्या रकान्यात प्राप्तिकराची थकबाकी लिहावी लागते, पण नुसत्या थकबाकीने विधानसभा-लोकसभेची उमेदवारी जात नाही. खोट्या प्रतिज्ञापत्राला सहा महिन्यांपर्यंत शिक्षा आहे. निवडून आल्यावर कर्नाटकातल्या आमदार-मंत्र्यांना दरवर्षी ३० जूनपूर्वी लोकायुक्तांकडे मालमत्तेचे विवरण द्यावे लागते.

माहिती अधिकारात कुणाचे रिटर्न मागितले, तर २०१२ पासून सर्वोच्च न्यायालयाचे उत्तर ठरलेले आहे: ती खाजगी माहिती, व्यापक जनहित दाखवाल तरच. साध्या माणसासाठी हे संरक्षण हवेच. पण जो आमच्या नावाने कायदे करतो, त्याची फेरआकारणी चालू आहे का, ती मुदतीत पुरी झाली की कुणी ती मुदत उलटेपर्यंत पडू दिली, हे मतदाराला कळायला हवे. मुदत उलटली की तो कर कायमचा बुडतो, आणि बुडाला हेही कुणाला कळत नाही.

त्यासाठी नमुना २६ मध्ये एक तक्ता वाढवला तरी पुरेल: गेल्या पाच आकारणी वर्षांत कोणत्या कलमाखाली नोटीस आली, आदेश कधी झाला, उत्पन्न किती ठरले, आणि प्रलंबित असेल तर शेवटची तारीख कोणती. हे सगळे प्रत्येकाच्या ई-प्रोसिडिंग्जच्या पानावर आजही असते. उमेदवाराने स्वतःच्या लॉगिनमधून ते पान काढून प्रतिज्ञापत्राला जोडायचे.